हेजहॉग घरी आणायचाय? आधी ब्रीडर पारखा, मग पिल्लू

व्हिडिओ कॉलवर आमच्या काटेरी हेजहॉगला, फणसाला, पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, साळिंदर कसलं पाळतेस घरात! काटे फेकून मारतं ते." साळिंदर म्हणजे दहा-पंधरा किलोचा, कुरतडून खाणारा प्राणी, काटे वीतभर लांब. हेजहॉग ओंजळीत मावतो, किडे खातो आणि नात्यानं साळिंदरापेक्षा आपल्या चिचुंद्रीला जवळचा आहे. (काटे फेकून साळिंदरही मारत नाही, पण ते आईला अजून पटलेलं नाही.)

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक आठवीत असताना तिनं हट्ट धरला, आम्ही वर्षभर टाळाटाळ केली आणि शेवटी फणस आला. नाव तिनंच ठेवलं. दरवर्षी गणपतीत दर्शनाला येणारे निम्मे लोक आत जाऊन त्यालाही बघून येतात आणि बाहेर आल्यावर दोन प्रश्न ठरलेले: "केवढ्याला पडला?" आणि "कुठून आणला?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. साधारण दीडशे ते तीनशे डॉलर, रंगाप्रमाणे थोडं वरखाली. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र चहा गार होतो.

इथे पाळीव म्हणून मिळतो तो आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. मागच्या पायाला चारच बोटं, म्हणून त्याला चार बोटांचा हेजहॉगही म्हणतात. वजन ३०० ते ६०० ग्रॅम. मूळचा मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाचा. सुरुवातीला तिथूनच हे प्राणी अमेरिकेत येत, पण लाळ्या-खुरकुताच्या भीतीनं १९९१ मध्ये आफ्रिकेतून होणारी आयात बंद झाली. तेव्हा आज इथे विकलं जाणारं प्रत्येक पिल्लू त्याआधी आलेल्या प्राण्यांच्या वंशातलं. गावातल्या गावात सोयरिकी होत राहिल्यावर घराण्यातले आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, तसंच यांचं आहे. म्हणून हेजहॉग घेताना पिल्लू बघायच्या आधी ते कुठल्या ब्रीडरच्या (म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याच्या) घरचं, त्याचे आईबाप कोण, हे बघायचं.

कायदा तुमच्या गावचा बघा

अमेरिकेत याबाबत देशभर एकच नियम नाही. कॅलिफोर्निया, जॉर्जिया, हवाई आणि पेनसिल्वेनिया या राज्यांत हेजहॉग पाळता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात चालतो, पण न्यूयॉर्क शहराच्या पाचही बरोंमध्ये, म्हणजे विभागांत, चालत नाही. न्यू जर्सीत चालतो, पण राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना काढून. त्यामुळे आमची गंमत अशी की हॉलंड टनेलमधून पलीकडे न्यूयॉर्क शहरात गेलं की फणस बेकायदा, आणि डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियात, फिलाडेल्फियाला नातेवाइकांकडे नेला तरी बेकायदा. दोन्हीकडे पाणी आणि मधल्या पट्ट्यात कायदेशीर असा हा प्राणी आहे.

राज्याचा नियम बघून झाला की गावाचा बघा, मग अपार्टमेंटचं लीज काढा. "पिंजऱ्यातला प्राणी चालेल" असं मॅनेजर तोंडी म्हणाला तर ईमेलवर लिहून घ्या. मॅनेजर बदलतात.

लंडनकडच्या मंडळींना सांगायचं तर बागेत रात्री दिसतो तो युरोपियन हेजहॉग, तिथला रानटी प्राणी. त्याला घरात आणायचं नसतं. पाळीव म्हणून तिथेही हा आफ्रिकनच मिळतो.

आणि भारतातून वाचत असाल तर: राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळांवर आणि दक्षिणेत तमिळनाडूकडे आपले स्वतःचे हेजहॉग आहेत. ते वन्यप्राणी आहेत, त्यांना पकडायचं नाही आणि विकतही घ्यायचं नाही. ऑनलाइन कुणी "आफ्रिकन" म्हणून दाखवला तर तो देशात कसा आला, कुणाकडे जन्मला, याचे कागद मागा. कागदाऐवजी "सर, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

तुमच्या घराला जमेल का?

हा निशाचर आहे. दिवसभर झोपतो, रात्री दहा-अकराला उठतो आणि पहाटेपर्यंत तासन्‌तास चाकावर पळतो. मुलांना शाळेतून आल्यावर खेळायला सोबती हवा असेल तर ससा घ्या, गिनीपिग घ्या. मुलगा दुपारी चारला त्याला उठवायला जाईल, तो फुस्स करून चेंडू होईल आणि दोघंही हिरमुसतील. एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये चाकाची घरघर उशाशी येते, हेही धरून चाला.

दुसरी गोष्ट ऊब. त्याला चोवीस तास ७५ ते ८० अंश फॅरेनहाइट लागतं, म्हणजे साधारण २४ ते २७ सेल्सियस. आपली सवय अशी की जानेवारीत रात्री थर्मोस्टॅट ६५ वर आणायचा आणि गोधडी ओढून झोपायचं. हेजहॉगला ६५ म्हणजे धोका. थंडी वाजली की त्याचं शरीर शीतनिद्रेत जायला बघतं, आणि हा युरोपातल्या भाऊबंदांसारखा त्यासाठी घडलेला नाही. तो त्यातून उठेलच असं नाही.

आमच्याकडे एकदा हे होता होता वाचलं. हिमवादळात रात्री वीज गेली आणि आम्ही झोपलेलो. सकाळी पिंजऱ्यात हात घातला तर फणस अर्धवट गुंडाळलेला, पोट गार, चालवलं तर झोकांड्या. गरम पाण्याची पिशवी लावायचा मोह झाला होता, पण डॉक्टरनं फोनवर सांगितलं तसं लेकीनं त्याला स्वेटशर्टच्या आत, अंगाशी धरलं. माणसाच्या अंगाची ऊब हळूहळू लागते, चटका बसत नाही. तासाभरानं त्यानं नाक बाहेर काढलं. त्यानंतर आम्ही पिंजऱ्याजवळ थंडी होताच वाजणारा, बॅटरीवरचा अलार्म लावला.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत अडते: हा किडेखाऊ आहे. रोजचं खाणं म्हणून चांगल्या प्रतीचं, जास्त प्रथिनांचं आणि कमी चरबीचं मांजराचं कोरडं खाद्य चालतं, पण आठवड्यातून काही वेळा जिवंत किंवा वाळवलेले किडे लागतातच. मीलवर्म म्हणजे पिवळट अळ्या, त्या गार ठेवल्या की टिकतात. शाकाहारी घरात फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी अळ्यांचा डबा चालणार का, हे सासूबाई भारतातून यायच्या आधी ठरवा. आम्ही गॅरेजमधला जुना छोटा फ्रिज त्याला दिला. वरण-भातावर तो जगणार नाही. दूध तर अजिबात द्यायचं नाही, पचत नाही त्याला. द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण, चॉकलेट, ॲव्होकाडो हेही वर्ज्य.

चौथी गोष्ट भारतवारी. आपण जातो डिसेंबर-जानेवारीत, चार-चार आठवडे, आणि नेमकी तीच इथली सगळ्यात कडाक्याची थंडी. शेजारच्या मुलाला दाणे टाकायला सांगून भागत नाही. रोज तापमान बघणारा, अळ्यांना हात लावणारा, त्याला उचलू शकणारा माणूस हवा. त्याचं नाव आज सांगता येत नसेल तर पिल्लू पुढच्या वर्षी घ्या. आणि व्हिसाचं काही धड नसेल, दोन-तीन वर्षांत परतायचं घाटत असेल, तर विचारच सोडा. कुत्र्या-मांजराला घेऊन भारतात परतणारे लोक आहेत, हेजहॉगसाठी तितकी सरळ वाट नाही.

आयुष्य साधारण चार ते सहा वर्षं. आठवीतल्या मुलीनं मागितला तर तिच्या कॉलेजपर्यंत पुरतो, आणि ती डॉर्मला गेली की तो तुमचा होतो.

पिल्लाच्या आधी डॉक्टर

नेहमीचे पशुवैद्य बहुतेक कुत्री-मांजरंच बघतात. तुम्हाला एक्झॉटिक, म्हणजे जरा वेगळ्या पाळीव प्राण्यांचा डॉक्टर लागेल, आणि तो तासभराच्या अंतरात नसेल तर पुढं जाऊ नका. फोन करून "हेजहॉग बघता का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. "शेवटचा कधी बघितला? तो गुंडाळून बसला तर तपासता कसा?" असं विचारा. अनुभवी डॉक्टर लगेच सांगेल की पुष्कळदा गॅसची हलकी भूल देऊन, तो सैल पडल्यावर दात, पोट, नखं बघावी लागतात. त्याचे पैसेही तिथेच विचारून घ्या. नुसत्या तपासणीचं बिल बघून भुवया उंचावणारे लोक मी पाहिलेत, कारण पाव किलोच्या जिवाला पाव किलोचंच बिल येईल असं त्यांना वाटलेलं असतं.

ब्रीडरची पारख

सुरुवातीला आम्हीही चुकलो. एका जाहिरातीत "आज न्या, पिंजऱ्यासह" असं होतं. फोन केला तर विक्रेता म्हणाला, घरी येऊ नका, हायवेजवळच्या मॉलच्या पार्किंगमध्ये भेटू. गेलो. नोव्हेंबरची संध्याकाळ, गाडीच्या मागच्या सीटवर बुटाचं खोकं, आत कागदाच्या कपट्यांत दोन पिल्लं. आईबापाचं विचारलं तर "त्यांनाही ब्रीडरकडूनच आणलंय" एवढंच. जन्मतारीख विचारली तर "सहा-सात आठवडे". लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आपण यांना सोडवून नेऊ म्हणाली. तेव्हा मी थांबले ते बरं झालं. असं सोडवून आणलेलं प्रत्येक पिल्लू पुढच्या खोक्याची जागा रिकामी करतं.

नंतर जिच्याकडून घेतला ती बाई दोन तासांच्या अंतरावर राहणारी. स्थळ बघायला जावं आणि आपलीच चौकशी व्हावी, तसं झालं. घरात रात्री तापमान किती? चाक कुठलं आणलंय? जमीन गुळगुळीत आहे की जाळीची? सुट्टीत कोण बघणार? डॉक्टर कोण? पाच महिने यादीत थांबावं लागलं, आधी थोडी अनामत घेतली होती. तेव्हा चिडचिड झाली, आता वाटतं, जो तुम्हाला काहीच विचारत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

परवान्याचं असं आहे: चारपेक्षा जास्त माद्या प्रजननासाठी ठेवून पिल्लं विकणाऱ्याला अमेरिकेच्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा परवाना लागतो. चार किंवा कमी माद्या असतील आणि फक्त घरी जन्मलेली पिल्लं विकत असेल तर सूट आहे. म्हणजे परवाना नाही म्हणून लगेच लबाड ठरवू नका, माद्या किती आहेत ते विचारा. परवाना असेल तर त्याच्या तपासणीचे अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पण परवान्याचा अर्थ स्वच्छता आणि जागेची किमान पातळी सांभाळली, इतकाच. घराण्यात आजार आहे का, हे तो सांगत नाही.

ते विचारावं लागतं. मी डायरीत लिहून नेलेले प्रश्न हे होते:

१. आईबाप बघायला मिळतील का? निदान आई तरी?
२. आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशानं गेले?
३. या वंशात वॉबली (पाय डगमगण्याचा आजार) किंवा कर्करोग निघालाय का? निघाल्यावर तुम्ही काय केलंत?
४. आईची ही कितवी वेत? तिला विश्रांती किती दिली?
५. पिल्लू आजारी निघालं किंवा मला सांभाळणं जमलं नाही, तर परत घ्याल का?

तिसऱ्या प्रश्नाचं थोडं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. वॉबली हेजहॉग सिंड्रोम हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. बहुधा दोन वर्षांच्या आत सुरू होतो. आधी चालताना मागचे पाय डगमगतात, मग लुळे पडतात, मग पुढचे, आणि महिन्यांच्या हिशेबात सगळं शरीर. उपचार नाही. उत्तर अमेरिकेतल्या पाळीव हेजहॉगांपैकी साधारण दहा टक्क्यांना तो होतो असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत येतं, आणि तो घराण्यातून येतो असा दाट संशय आहे. जिवंतपणी पक्की चाचणी नाही, निदान मेल्यावर मेंदू तपासूनच पक्कं होतं. म्हणजे पिल्लाकडे कितीही निरखून बघा, कळणार नाही. कळेल ते फक्त ब्रीडरच्या वहीतून: कुठला प्राणी कुणाचा, किती जगला, विकलेल्या पिल्लांचं पुढं काय झालं. आमच्या बाईनं वही काढून दाखवली. एका जोडीच्या नावावर लाल रेघ होती. त्यांचं एक पिल्लू दीड वर्षानं डगमगायला लागलं, असं त्याच्या मालकानं कळवलं, म्हणून तिनं ती जोडी आणि त्यांची सगळी भावंडं प्रजननातून काढून टाकली होती. "आमच्याकडे कधीच काही निघालं नाही" म्हणणाऱ्यापेक्षा मला ती लाल रेघ जास्त भरवशाची वाटली.

करारही नीट वाचा. जन्मतारीख, आईबापाची नावं, किती दिवसांची हमी, कुठल्या आजारांसाठी आणि परत घ्यायची अट. पावती जपून ठेवा, परवान्याच्या अर्जाला प्राणी कुठून घेतला हे दाखवावं लागतं.

पिल्लू हातात घेताना

सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं आईचं दूध सोडतात. आठ आठवड्यांचं झाल्यावर घ्यावं, आधी नको. शक्यतो संध्याकाळची वेळ मागून घ्या, दुपारी सगळीच झोपेत आणि चिडकी असतात.

बाईनं जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि तीन पिल्लं आणून ठेवली. तिन्ही चेंडू. तिनं आम्हाला हात न लावता बसायला सांगितलं. मिनिट-दीड मिनिटात एकाचं नाक बाहेर आलं, मग कपाळावरचे काटे खाली बसले आणि तो टॉवेल हुंगत चालायला लागला. दुसरं फुसफुसत राहिलं. तिसरं फुसफुसत तर होतंच, वर हात नेला की टकटक असा आवाज काढून उडी मारायचं. फुसफुस म्हणजे भीती, ती सगळ्यांना असते. टकटक म्हणजे खरा राग. पहिल्याच भेटीत तेवढा राग असेल तर नवख्यानं ते पिल्लू घेऊ नये.

नाक बाहेर काढणाऱ्याला मग तिनं उताणं तळहातावर घेतलं आणि आम्ही बघितलं. डोळे टपोरे, पूर्ण उघडे, पाणी किंवा चिकटा नाही. नाक ओलसर, पण वाहतं नाही. कानाच्या कडा अखंड. त्या झिजलेल्या, खवले धरलेल्या असतील तर गोचिडीच्या जातीचे बारीक माइट किंवा बुरशी समजा. काट्यांच्या मुळाशी कोंडा नाही. माइट जास्त असले तर काळ्या कापडावर पडलेली पांढरी भुकटी हलताना दिसते, म्हणून मी काळा टॉवेल नेला होता. बाई त्यावर हसली, पण चिडली नाही. पोटाखालची लव स्वच्छ. पायाच्या बोटांना धागा गुंडाळलेला नाही, कारण कपड्याच्या सुतानं बोट काळं पडून गळायची वेळ येते. विष्ठा गडद तपकिरी आणि घट्ट. हिरवी आणि चिकट असेल तर ताण किंवा आजार.

त्यानंतर टेबलावर चालवून बघितलं. पोट जमिनीवरून उचललेलं, चारही पाय सरळ पडताहेत ना, हे दोन्ही बाजूंनी बघा. शेवटी तिनं किचनच्या काट्यावर वजन करून आधीच्या आठवड्यांच्या नोंदींशेजारी लिहिलं. आकडा किती यापेक्षा तो दर आठवड्याला चढतोय ना, हे महत्त्वाचं.

हे सगळं चालू असताना त्यानं टॉवेलचा कोपरा चावला, तोंडाला फेस आणला आणि मान वाकडी करकरून तो फेस स्वतःच्या पाठीवरच्या काट्यांना चोपडायला लागला. लेक घाबरली, पिसाळलाय का म्हणाली. नवा वास आला की हेजहॉग असंच करतात, त्यात आजाराचं काही नाही.

नर की मादी, कुठला रंग

दोघांच्या स्वभावात फरक नाही. नराची खूण पोटाच्या मध्यावर, बेंबीसारखी दिसते. मादीचं अंग शेपटीजवळ असतं. मादीला वय वाढल्यावर गर्भाशयाच्या गाठी होण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून आम्ही नर घेतला. पण भावंडांत वाढलेली मादी घेत असाल तर नर-मादी कधी वेगळे केले ते नक्की विचारा. दोन-अडीच महिन्यांची मादी गाभण राहू शकते, दिवस जेमतेम ३५ लागतात, आणि मग एकाचे पाच होऊन बसतात. जोडी मात्र घेऊ नका. हा एकटा राहणारा प्राणी आहे, सोबत दिलीत तर भांडून जखमी होतात.

रंगाचे जास्त पैसे देऊ नका.

पिंजरा आधी, पिल्लू नंतर

मांडणी पिल्लापेक्षा महाग पडते, ती आठवडाभर आधी लावून तापमान स्थिर राहतं का ते बघा. तळाची जागा निदान चार चौरस फूट, जाळीची जमीन नाही. चाक ११ ते १२ इंच व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं. तारांचं चाक स्वस्त मिळतं, पण त्यात पाय अडकून मोडतात. खाली फ्लीसचं कापड किंवा कागदाचं बेडिंग. देवदारासारख्या सुगंधी लाकडाचा भुसा श्वासनलिकेला बाधतो. लपायला एक घरटं. वर उजेड न देणारा, फक्त उष्णता देणारा सिरॅमिक हीटर आणि तो थर्मोस्टॅटलाच जोडलेला. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे गरम दगड नकोत, पोट भाजतं. रोज १२ ते १४ तास उजेड हवा, हिवाळ्यात लवकर अंधार पडू दिलात तरी तो शीतनिद्रेकडे झुकतो.

चाक रोज धुवावं लागतं. तो पळता पळताच विधी उरकतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

पहिले पंधरा दिवस

आणताना गाडी आधी गरम करा. ब्रीडरकडचं खाद्य आणि आईच्या वासाचा कापडाचा तुकडा मागून घ्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त खाणंपाणी. मग रोज अर्धा तास मांडीवर, टीव्ही चालू, तुमचा घातलेला टी-शर्ट त्याच्यावर. हातमोजे घालू नका. त्याला तुमचा वास ओळखायचाय, रबराचा नाही. दोन ते चार-पाच महिन्यांच्या दरम्यान बाळकाटे गळून मोठे काटे येतात, तेव्हा कातडी दुखते आणि शहाणं पिल्लूही तिरसट होतं. याच काळात कंटाळलेले लोक पुढंमागं "कुणाला हवाय का?" म्हणून विचारत फिरतात. तुम्हीही घाई केली नाहीत तर दीड-दोन वर्षांचा, माणसाळलेला हेजहॉग अशाच घरातून मिळू शकतो. हेजहॉग वेल्फेअर सोसायटीसारख्या संस्थेकडेही चौकशी करा. नवख्याला मोठा प्राणी सोपा जातो, कारण स्वभाव कळलेला असतो आणि काटे बदलून झालेले असतात.

हात धुण्याबाबत मात्र सोवळं पाळा. धडधाकट हेजहॉगच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं ८ राज्यांतल्या ११ रुग्णांचा संबंध पाळीव हेजहॉगशी जोडला आणि पापे घेऊ नका, गालाशी धरू नका, असं बजावलं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं घरात असतील तर जास्त जपा. चाक आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. आमच्याकडे त्यासाठी गॅरेजमध्ये वेगळी बादली आहे.

आठवड्याच्या आत डॉक्टरला दाखवून घ्या, हमीची मुदत संपायच्या आधी. आणि वजनाची वही सुरू करा. हेजहॉग दुखणं लपवतो, पण काटा ते दाखवतो. खाणं दोन दिवस सुटलं किंवा वजन दहावा हिस्सा उतरलं की थांबायचं नाही. आमच्याकडे दर रविवारी सकाळी फणसाला स्टीलच्या वाडग्यात बसवून वजन होतं. वाडगा माझ्या लग्नातल्या सेटमधला, पुरणासाठी जपलेला. तो आता वरच्या फळीवर, लाल टेप लावून, वेगळा ठेवलाय. गेल्या रविवारी ४१२ ग्रॅम.